सोलापूरच्या हवेत तीन फिश टँकचे वीजबिल आटोक्यात कसे ठेवावे?

प्रश्न : जुळे सोलापूर

नमस्कार. जुळे सोलापुरात वरच्या मजल्यावर आमचे घर असून बैठकीच्या खोलीत तीन फिश टँक आहेत. तीन फुटी टँकमध्ये एंजल आणि टेट्रा, एका दोन फुटी टँकमध्ये गप्पी व प्लॅटी आणि दुसऱ्या दोन फुटी टँकमध्ये गोल्डफिश अशी वस्ती आहे. अलीकडे घरातील वीजवापर महिन्याला ३०० युनिटच्या थोडा पुढे जाऊ लागला असून बिल हातात पडले की सर्वांची नजर प्रथम माशांकडे वळते. फ्रीज आणि पाण्याची मोटर यांचे नाव कोणी घेत नाही, हा भाग अलाहिदा.

डब्यांवर छापलेल्या वॅटप्रमाणे सध्याची जोडणी सांगतो. मोठ्या टँकवर २५ वॅटच्या पंपाचा टॉप फिल्टर आहे आणि शिवाय आत १८ वॅटचा इंटर्नल फिल्टर बसवलेला आहे. गप्पींच्या टँकमध्ये १२ वॅटचा आणि गोल्डफिशच्या टँकमध्ये १५ वॅटचा इंटर्नल फिल्टर आहे. दोन्ही लहान टँकना प्रत्येकी ४ वॅटचा एअर पंप आहे. मोठ्या टँकवर ४० वॅटचे आणि लहान टँकवर प्रत्येकी १२ वॅटचे एलईडी दिवे असून ते सकाळी दहापासून रात्री दहापर्यंत लागलेले असतात. थंडीत मोठ्या टँकमध्ये २०० वॅटचा आणि दोन्ही लहान टँकमध्ये १०० वॅटचा हिटर चालू असतो.

रात्री सगळे झोपल्यावर फिल्टर सात-आठ तास बंद ठेवले तर चालेल काय? एक तृतीयांश वीज तेथेच वाचेल, असे सरळ गणित दिसते. दुसरे असे की मे महिन्यात पाणी ३३-३४ अंशांपर्यंत तापते आणि चिलरशिवाय, म्हणजे पाणी गार करणाऱ्या यंत्राशिवाय, यावर इलाज नाही, असे एका विक्रेत्याने सांगितले आहे. त्याची किंमत ऐकून मी तूर्त गप्प बसलो आहे. तसेच कमी वॅटचा हिटर घेतल्यास थंडीतील बिल उतरेल काय, हेही जाणून घ्यायचे आहे. मासे कमी करण्याचा सल्ला कृपया देऊ नये. तो घरातून नियमित मिळतोच.

उत्तर : वायरमन, अशोक चौक

माशांमधले मला फारसे कळत नाही, परंतु यंत्रमागाच्या कारखान्यांची वायरिंग करण्यात बराच काळ गेल्यामुळे विजेचा हिशेब कळतो, तेवढाच मांडतो. वॅटला रोजच्या तासांनी आणि तीस दिवसांनी गुणून हजाराने भागले की महिन्याचे युनिट मिळतात. त्यानुसार तुमचे चारही फिल्टर मिळून ७० वॅट होतात आणि ते चोवीस तास चालत असल्याने महिन्याला ५० युनिटच्या थोडे वर जातात. दोन एअर पंप मिळून पावणेसहा युनिट आणि बारा तास चालणारे दिवे २३ युनिट, अशी एकूण बेरीज सुमारे ७९ युनिट येते. हिटर यात धरलेले नाहीत, कारण ते थर्मोस्टॅटवर चालू-बंद होतात आणि त्यांचा हिशेब केवळ वॅटवरून निघत नाही.

या बेरजेत दिव्यांपेक्षा फिल्टरचा वाटा दुपटीहून अधिक आहे, हे नीट पाहावे. दिवा डोळ्यांना दिसतो म्हणून घरातील माणसे दिव्याला दोष देतात. पंप मात्र कोपऱ्यात घुमत राहतो आणि त्याला सुट्टी नसते.

महावितरणच्या घरगुती दरात १ ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे टप्पे आहेत आणि ज्या टप्प्यात जितके युनिट पडतात, तितक्यांनाच त्या टप्प्याचा दर लागतो. ३०१ वे युनिट वापरल्यामुळे आधीचे ३०० महाग होतात, हा समज चुकीचा आहे. परंतु तुम्ही वाचवलेले युनिट वरच्या टोकापासून, म्हणजे आधी तुमच्या बिलातील सर्वांत महागड्या टप्प्यातून कमी होतात. त्यावर वहन आकार आणि १६ टक्के वीज शुल्कही लागते, त्यामुळे एका युनिटची खरी बचत ही एकूण बिलाला एकूण युनिटने भागून येणाऱ्या सरासरीपेक्षा अधिक असते. स्थिर आकार मात्र तुम्ही टँक विकून टाकले तरी जागचा हलणार नाही.

डब्यावर छापलेल्या वॅटवर फार विश्वास ठेवू नये. स्वस्त पंपांच्या बाबतीत तो आकडा पुष्कळदा अंदाजपंचे असतो. सॉकेटला लावण्याचे लहान वॅटमीटर मिळते; ते घ्यायचे नसेल तर घराच्या मीटरवरच तपासता येते. मीटरवर लुकलुकणारा लाल दिवा असतो आणि शेजारी एका युनिटला किती लुकलुकी, तो आकडा छापलेला असतो. पुष्कळ मीटरवर तो ३२०० असतो. दुपारी घरातील बाकी सर्व बटणे बंद करावीत, फ्रीजचा प्लग काढावा, फक्त माशांचे पंप चालू ठेवावेत आणि दहा मिनिटांत दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजावे. तुमचे पंप आणि एअर पंप मिळून ७८ वॅट खरोखर घेत असतील, तर ३२०० च्या मीटरवर दहा मिनिटांत साधारण ४२ लुकलुकी येतील. आकडा ६० च्या पुढे गेला, तर एखादा पंप छापील वॅटपेक्षा जास्त खातो आहे किंवा घरात आणखी काहीतरी चालू राहिले आहे, असे समजावे.

उत्तर : शुक्रवार पेठ

वायरमन यांनी हिशेब चोख मांडला आहे. आता माशांच्या बाजूने पाहू, कारण या छंदात बचतीच्या नावाखाली सर्वांत जास्त मासे मरतात ते फिल्टर बंद ठेवल्यामुळेच.

रात्री फिल्टर बंद ठेवू नये. फिल्टरचा स्पंज हा केवळ कचरा अडवणारा बोळा नसतो. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून तयार होणाऱ्या विषारी अमोनियाचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग त्या मानाने निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू त्याच्या छिद्राछिद्रांत वसलेले असतात आणि त्यांना सतत प्राणवायूयुक्त पाण्याचा प्रवाह लागतो. प्रवाह थांबला की बंद डब्यातील प्राणवायू काही तासांत संपतो, जिवाणू मरू लागतात, आणि सकाळी बटण दाबताच तेच कुजके पाणी टँकमध्ये परत येते. त्यातच रात्री झाडेही प्राणवायू वापरतात, त्यामुळे पहाटेच्या वेळी पाण्यातील प्राणवायू दिवसातील सर्वांत कमी असतो. अशा वेळी हवा बंद ठेवून वाचवलेले पैसे पुढच्या रविवारी नवीन मासे आणण्यात जातात. तास कमी करण्यापेक्षा वॅट कमी करावेत, हाच सरळ मार्ग आहे.

मोठ्या टँकमध्ये दोन फिल्टर कशासाठी ठेवले आहेत, ते कळले नाही. तीन फुटी टँकला टॉप फिल्टर पुरेसा आहे. १८ वॅटचा इंटर्नल काढून त्या जागी एअर पंपावर चालणारे दोन स्पंज फिल्टर ठेवावेत. गप्पींच्या टँकला तर स्पंज फिल्टरसारखे दुसरे काही नाही. प्रवाह सौम्य असल्यामुळे पिल्ले ओढली जात नाहीत आणि मादी व्याल्यावर स्पंजवर जमलेले सूक्ष्म खाद्य टिपत ती तेथेच वाढतात. तुमचे दोन्ही एअर पंप काढून चार तोंडांचा ६ वॅटचा एकच पंप घेतला, तर मोठ्या टँकचे दोन स्पंज, गप्पींचा एक आणि गोल्डफिशच्या टँकमधील बुडबुडे सोडणारा हवेचा दगड असे सर्व त्यावर चालेल. गोल्डफिशचा १५ वॅटचा फिल्टर मात्र राहू द्यावा. तो मासा खातो फार आणि घाणही तितकीच करतो. एकटा स्पंज तेथे दोन दिवसांत चोंदतो.

बदल एका दिवसात करू नये. नवा स्पंज जुन्या फिल्टरच्या शेजारी तीन-चार आठवडे चालू ठेवावा, जुन्या फिल्टरचा स्पंज नव्यावर पिळून काढावा आणि त्यानंतरच जुना बाहेर काढावा. स्पंज नळाखाली कधीही धुऊ नये, कारण क्लोरीनने जिवाणू धुऊन निघतात. पाणी बदलताना टँकमधून काढलेल्या पाण्यात दोन-चार वेळा पिळला की पुरे. आपल्याकडे महापालिकेचे पाणी रोज येत नाही आणि ते बहुतेकांच्या घरी साठवलेलेच असते, त्यामुळे पाणी बदलण्यासाठी शिळे पाणी हाताशी असते, एवढा तरी फायदा आहे.

दिव्यांचे थोडक्यात सांगतो. खरी झाडे नसतील तर माशांना बारा तास दिवा लागत नाही. तो आपल्याला पाहण्यासाठी असतो. सायंकाळी पाच ते रात्री दहा पुरे.

उत्तर : विजापूर रोड

शुक्रवार पेठेच्या काकांशी बहुतेक सहमत आहे, दिव्यांपुरती थोडी भर घालतो. मोठ्या टँकमध्ये खरी झाडे असतील तर सहा ते आठ तास सलग प्रकाश हवा. त्याहून कमी केल्यास पाने पिवळी पडतात आणि त्याहून जास्त ठेवल्यास काचेवर हिरवे शेवाळ धरते. म्हणजे बारा तासांचे सात तास केल्याने तुमचे जवळपास साडेनऊ युनिट वाचतीलच, शिवाय काच घासण्याचे कष्टही कमी होतील. यासाठी चोवीस तासांचा फिरत्या चकतीचा टायमर सॉकेट घ्यावा. हाताने बटण दाबण्याची शिस्त आठवडाभर टिकते, नंतर कोणी ना कोणी दिवा रात्रभर तसाच सोडतो.

स्पंज फिल्टरबद्दल मात्र माझे मत थोडे वेगळे आहे. झाडांसाठी पाण्यात कार्बन डायऑक्साइड सोडत असाल, तर हवेचे बुडबुडे तो उडवून लावतात, म्हणून अशा टँकमध्ये दिवा चालू असताना एअर पंपाचा उपयोग कमी आणि उपद्रव अधिक. तसे काही सोडत नसाल तर काकांचा सल्ला निःशंकपणे पाळावा.

आणखी एक, ज्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. एअर पंप खोलीतील हवा ओढून थेट पाण्यात सोडतो. डास मारण्याचा फवारा पंपाजवळ मारल्यास त्यातील औषध पाण्यात उतरते आणि ते माशांना अत्यंत घातक असते. पंप एक आणि टँक तीन अशी रचना झाल्यावर एका फवाऱ्यात तिन्ही टँकवर संकट येईल. डासांची मशीन आणि फवारे त्या खोलीत नकोतच.

प्रश्नकर्ता : जुळे सोलापूर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. फिल्टर चालूच ठेवीन. मोठ्या टँकमध्ये खरी झाडे आहेत, परंतु कार्बन डायऑक्साइड वगैरे काही सोडत नाही. इंटर्नल फिल्टर लावण्यामागचा विचार एवढाच होता की एक बंद पडला तर दुसरा असावा. आता हिटर आणि चिलर यांच्याबद्दल कोणी सविस्तर सांगेल काय?

उत्तर : होटगी रोड

मी भौतिकशास्त्र शिकवतो आणि घरी डिस्कस जातीचे मासे ठेवतो, त्यामुळे २८ अंशांखाली पाणी जाऊ न देणे हा आमच्या घरी थंडीतला रोजचा विषय असतो. हिटरपासून सुरुवात करतो.

कमी वॅटचा हिटर घेतल्याने बिल कमी होत नाही. टँकमधून जितकी उष्णता बाहेर जाते, तितकीच हिटरला परत भरावी लागते. २०० वॅटचा हिटर ती एका तासात भरून विसावतो, १०० वॅटचा दोन तास राबतो, युनिट तेवढेच. उलट हिटर फारच लहान असेल तर तो रात्रभर न थांबता चालतो आणि तरीही पाणी थंडच राहते. त्याचप्रमाणे हिटरच्या काचेवर आपल्या बोअरच्या जड पाण्याचा पांढरा थर बसतो, त्यामुळे वीज जास्त जाते, असेही म्हटले जाते. तेही खरे नाही, कारण पाण्यात बुडालेल्या हिटरची सारी उष्णता अखेर पाण्यातच जाते. थर काढावा तो वेगळ्या कारणासाठी. थराखालील काच अधिक तापते आणि तडकण्याचा धोका असतो. प्लग काढून, हिटर थंड झाल्यावर, त्यावर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर लावून ठेवले की थर सुटतो.

बिल ठरते ते खोली आणि पाणी यांच्या तापमानातील अंतरावर. खोली २० अंशांवर आणि पाणी २६ अंशांवर असेल तर अंतर सहा अंशांचे होते. पाणी २४ वर ठेवले तर ते चार अंशांचे राहते, म्हणजे काचेतून जाणारी उष्णता सुमारे एक तृतीयांश घटते. दोन अंशांत एवढा फरक पडतो, हे सहज ध्यानात येत नाही. गप्पी, प्लॅटी आणि बहुतेक टेट्रा २४ अंशांवर अगदी सुखाने राहतात, एंजलनाही ते चालते. गोल्डफिश हा मुळात थंड पाण्यातला मासा आहे आणि सोलापूरच्या घरातील थंडी त्याला थंडी वाटतच नाही, तेव्हा त्याच्या टँकमधला हिटर आजच काढून ठेवावा. रात्री हिटर बंद आणि दिवसा चालू, असा प्रयोग मात्र करू नये. रोजच्या चढउताराने माशांना पांढऱ्या ठिपक्यांचा रोग लवकर जडतो.

उष्णता अडवण्याचा स्वस्त उपाय म्हणजे थर्माकोल. टँकच्या मागील बाजूस आणि दोन्ही कडांना इंचभर जाडीची पट्टी चिकटवावी. खाली ती बहुधा आधीच असते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे वर काचेचे झाकण हवे. उघड्या पृष्ठभागावरून पाण्याची वाफ होते आणि ती जाताना भरपूर उष्णता नेते. गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, म्हणजे संक्रांतीच्या आगेमागे, आपल्याकडे हवा थंड आणि कोरडी असते, त्या दिवसांत झाकण नसलेल्या टँकचा हिटर जवळपास वाफेचीच भरपाई करत बसतो. पाणी बदलायचे असल्यास दुपारी तीनच्या सुमारास गच्चीवरील काळ्या टाकीतून घ्यावे. उन्हाने ते फुकटात तापलेले असते, फक्त हात घालून आणि थर्मामीटर लावून खात्री करावी.

आता उन्हाळा. वाफेने उष्णता जाते हीच गोष्ट येथे आपल्या कामी येते. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता लागते. ती सारी पाण्यातूनच निघाली असे धरले, तर १०० लिटर पाणी पाच ते सहा अंशांनी थंड होण्याइतकी ती आहे. खोलीतून उष्णता परत येत राहते, त्यामुळे प्रत्यक्षात दोन ते चार अंशांचा फरक पडतो, पण ३४ चे ३१ होणे म्हणजे मरणाच्या दारातून परत येणेच. माठातले पाणी गार होते, त्याच न्यायाने हे घडते आणि हवा जितकी कोरडी तितके ते अधिक प्रभावी असते. मुंबई-कोकणातील मंडळींना पंख्याने फारसा गुण येत नाही, सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये तो येतो. संगणकाचे १२ व्होल्टचे दोन पंखे अॅडॅप्टरवर लावून पाण्याच्या पृष्ठभागावर तिरपे रोखावेत, काचेच्या झाकणाऐवजी जाळी ठेवावी म्हणजे मासे उडी मारणार नाहीत. दोन पंखे मिळून पाचएक वॅट घेतात. रोज दहा तास चालवले तरी महिन्याला दीड युनिट. २०० वॅटचा चिलर तितकेच तास चालला तर ६० युनिट होतात आणि पाण्यातून काढलेली उष्णता तो त्याच खोलीत ओततो, ते निराळेच. मेमध्ये वरच्या मजल्यावरील बंद खोलीत चिलर म्हणजे एका हाताने काढून दुसऱ्या हाताने भरणे आहे. त्या विक्रेत्याला नम्रपणे नकार द्यावा.

पंख्यामुळे पाण्याची पातळी रोज उतरते. वर घालण्याचे पाणी बोअरचे नसावे. वाफ होते ती शुद्ध पाण्याची, क्षार मागेच राहतात आणि बोअरचे पाणी भरत गेल्यास जडपणा वाढतच जातो. आर.ओ.चे पिण्याचे पाणी घालावे. मशीनमधून वाया जाणारे पाणी नव्हे, त्यात तर क्षार अधिकच असतात.

ज्याच्याकडे कोणी बघत नाही, असा एक मुद्दा राहिला. पाण्यात बुडालेला पंप जितकी वीज घेतो, तितकी उष्णता अखेर पाण्यालाच देतो. १८ वॅटचा इंटर्नल फिल्टर म्हणजे १८ वॅटचा, कधीही बंद न होणारा हिटर होय. थंडीत तो थोडी मदत करतो, पण मेमध्ये तुम्ही एकीकडे पंख्याने पाणी गार करत असता आणि दुसरीकडे तो ते तापवत असतो. एअर पंप बाहेर असतो, त्यामुळे त्याची उष्णता बहुतांशी बाहेरच राहते. म्हणून शुक्रवार पेठेच्या काकांचा स्पंजचा सल्ला बिलासाठी जितका योग्य, तितकाच तो उन्हाळ्यासाठीही योग्य आहे.

उत्तर : शुक्रवार पेठ

होटगी रोडच्या सरांनी मर्म सांगितले. माझे घर जुन्या माळवदाचे आहे, वर मातीचा जाड थर आहे, त्यामुळे खोलीतील तापमान दिवसरात्रीत फारसे हलत नाही आणि मला मेमध्येही पंखा क्वचितच लावावा लागतो. स्लॅबच्या वरच्या मजल्यावर तसे नसते. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत आग ओकतो. तेव्हा टँकची जागा हाही बचतीचाच प्रश्न समजावा. पश्चिमेच्या भिंतीला टेकून टँक असेल तर तो उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या भिंतीकडे हलवावा. गोल्डफिशचा टँक उंच स्टँडवर न ठेवता, घरातील सर्वांत गार खोलीत शक्य तितका खाली ठेवावा, कारण उन्हाळ्यात सर्वांत आधी जीव त्याचाच कासावीस होतो. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साडेसातच्या आसपास. त्यामुळे मेमध्ये हवेचा दगड जोरात चालू हवा आणि खाद्य निम्मे करावे. हौदातले पाणी गच्चीच्या टाकीपेक्षा पुष्कळ गार असते. उन्हाळ्यात ते भल्या पहाटे थोडेथोडे बदलावे, एकदम अर्धा टँक बदलू नये.

उत्तर : वायरमन, अशोक चौक

आतापर्यंतच्या सल्ल्यांचा हिशेब करून पाहिला. १८ आणि १२ वॅटचे दोन फिल्टर आणि जुने दोन एअर पंप निघाले, ६ वॅटचा एक पंप आला आणि दिवे सात तासांवर आले, तर ७९ चे सुमारे ४७ युनिट होतात. ३०० च्या थोडे वर असलेला वापर त्यामुळे खाली यावा. हिटरची बचत निराळी. टॉप फिल्टरचा २५ वॅटचा पंपही कधी बदलायची वेळ आली, तर तितकेच पाणी उचलणारा १५ वॅटचा घ्यावा. तेथे आणखी सात युनिट आहेत. चालणारा पंप केवळ त्यासाठी फेकू नये.

सौर पॅनेलबद्दल कोणी विचारण्याआधीच सांगतो. पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या जोडणीला कमाल ७८,००० रुपयांचे अनुदान आहे आणि गच्ची स्वतःची असेल तर संपूर्ण घरासाठी त्याचा विचार जरूर करावा. पण दीडशे वॅटच्या माशांसाठी पॅनेल बसवण्याचा हिशेब काही केल्या जमत नाही.

एक काम बिलाचे नसले तरी करावेच. प्रत्येक वायर सॉकेटच्या खालून वळसा देऊन वर न्यावी, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी सॉकेटमध्ये न जाता वळशाच्या टोकाला खाली ठिबकेल. घरात विजेची गळती ओळखून वीज तोडणारा ब्रेकर नसेल तर तो बसवून घ्यावा, आणि टँकमध्ये हात घालण्यापूर्वी हिटरचा प्लग काढावा. पाण्यात तडकलेला हिटर दिसायला अगदी निरुपद्रवी दिसतो.

प्रश्नकर्ता : जुळे सोलापूर

आज दुपारी मीटरची लुकलुकी मोजली. ३२०० चाच मीटर आहे. अपेक्षेप्रमाणे ४२ न येता ५१ आली. एकेक प्लग काढत गेलो तेव्हा टॉप फिल्टरचा पंप २५ ऐवजी ४० वॅटच्या आसपास घेत असल्याचे दिसले. पंप उघडला तर आतील पंख्याभोवती पांढरा क्षार आणि शेवाळ यांचा घट्ट लगदा बसला होता. तो साफ केल्यावर पाण्याची धार वाढली, वीज मात्र तेवढीच राहिली. गोल्डफिशचा हिटर काढून कपाटात ठेवला आहे आणि स्पंज फिल्टर आणून जुन्यांच्या शेजारी सुरू केले आहेत. एकच शंका उरली आहे. वीज गेल्यावर एअर पंपाच्या नळीतून पाणी उलटे येऊन पंपात शिरते असे ऐकले. तसे होऊ नये म्हणून काय करावे? आणि तो पंप इन्व्हर्टरवर घ्यावा काय?

उत्तर : शुक्रवार पेठ

पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवावा, किंवा प्रत्येक नळीत चेक व्हॉल्व्ह, म्हणजे एकाच दिशेने वाट देणारी झडप, बसवावा. बाणाची दिशा टँककडे हवी. शक्य असल्यास दोन्ही करावे, कारण व्हॉल्व्ह स्वस्त असतात आणि वर्षा-दोन वर्षांत कडक होऊन बंद पडतात. इन्व्हर्टरवर फक्त हा एक ६ वॅटचा पंप घ्यावा, टॉप फिल्टर आणि हिटर घेऊ नयेत. चार तास वीज गेली तरी बॅटरीला त्याचा भार जाणवणार नाही आणि तिन्ही टँकमध्ये हवा चालू राहील. स्पंजमधील जिवाणूही त्यावरच जगतील.

उत्तर : वायरमन, अशोक चौक

पूर्वी साफ न केल्यामुळे तो पंप जास्त वीज घेत होता असे नव्हे, तो बनावटीनेच ४० वॅटचा आहे. डब्यावरचा आकडा खोटा निघाला. तो मोठ्या टँकचा चोवीस तासांचा भार आहे, म्हणजे महिन्याला जवळपास २९ युनिट. चालणारा पंप फेकू नये असे मी वर म्हटले होते, पण ते २५ वॅटच्या पंपासाठी. हा बदलाच, आणि नवा घेताना दुकानातच वॅटमीटर लावून दाखवा असे सांगा. दाखवायला तयार नसतील तर दुसरे दुकान बघा.